साताऱ्याजवळच्या छोट्या ट्रेकला वाट चुकली तर: नवख्यांसाठी सगळं एका जागी

साताऱ्यातल्या बऱ्याच जणांची डोंगराशी ओळख अजिंक्यताऱ्यानं होते. सकाळी उठून वर जायचं, मंगळाईला पाया पडायचं, खाली येऊन चहा मारायचा. वरपर्यंत गाडीरस्ता आहे, वरचा टॉवर शहरात कुठनंही दिसतो, तिथं हरवणार कोण. मग दिवाळीच्या सुट्टीत ग्रुपवर कुणीतरी टाकतं की चला चंदन-वंदन करू, नाहीतर कल्याणगड करू, दोन-तीन तासाचं तर काम, आणि लोक अजिंक्यताऱ्याला जातात तसेच निघतात, अर्धा लिटरची बाटली, पायात फ्लोटर, मोबाईल तीस टक्के. हा लेख त्यांच्यासाठी आहे. मोठे ट्रेक करणाऱ्यांना यातलं सगळं माहिती असतं, त्यांनी नुसतं वाचून आपल्या भाच्या-पुतण्यांना पाठवलं तरी चालेल.

एक गोष्ट आधीच सांगतो म्हणजे पुढचं नाही वाचलं तरी चालेल. वाट सगळ्यांची चुकते, गावातल्यांची पण चुकते. अंगाशी येतं ते चुकल्यावर "आता परत वर कोण चढणार, इथनंच उतरू की" हे म्हणणं. बाकी सगळं यातनंच निघतं.

१. घरी बसून करायची कामं

पहिलं म्हणजे गडाचं नाव आणि पायथ्याचं गाव दोन्ही पक्कं करा. आपल्या भागात नावांचा लई गोंधळ आहे. महिमानगड दहिवडीकडं, सातारा-पंढरपूर रोडला, आणि महिमंडणगड पार कोयनेच्या जंगलात. भैरवगड तर सह्याद्रीत किती आहेत ते मोजावे लागतील. कल्याणगडाला गावात नांदगिरी म्हणतात, तिथं जाऊन कल्याणगड कुठाय विचारलं तर एखादी आजी नुसती बघत बसेल. मॅपमध्ये नाव टाकून गाडी सोडली की तो तुम्हाला गडाच्या सगळ्यात जवळच्या डांबरी रस्त्यावर नेऊन सोडतो, मग ती गडाची पाठीमागची बाजू असली तरी त्याला काय फरक पडतोय. तिथनं वर बघितलं की गड समोर दिसतो आणि मधी सरळसोट कडा. वाट चुकायला सुरुवात इथूनच होते, गाडीतच.

दुसरं, मॅप ऑफलाइन डाउनलोड करून ठेवा आणि कुणी त्या वाटेनं जाऊन ट्रॅक रेकॉर्ड केला असेल तर तो पण फोनमध्ये घ्या. जीपीएसला नेटवर्क लागत नाही, हे अजून बऱ्याच जणांना माहिती नाही. रेंज नसली तरी निळा ठिपका बरोबर दाखवतो, फक्त खाली नकाशा आधीच उतरवलेला पाहिजे.

तिसरं, वेळ. डिसेंबरात साताऱ्यात सहाच्या आसपास सूर्य मावळतो, आणि तुम्ही डोंगराच्या पूर्वेच्या अंगाला असाल तर त्याच्या आधीच सावली पडते. म्हणून वर पोहोचायची नव्हे, परत फिरायची वेळ ठरवा. समजा दुपारी एक. एक वाजता बालेकिल्ला समोर दिसत असला तरी परत फिरायचं. हे पाळणारे फार कमी बघितलेत, पण जे पाळतात ते उजेडात घरी येतात.

चौथं, घरी कुणाला तरी लिहून पाठवा: कुठला गड, कुठल्या गावातनं, कोण कोण, गाडी कुठं लावणार, किती वाजेपर्यंत फोन नाही आला तर काळजी करायची. "जरा फिरून येतो" हे सांगणं म्हणजे काहीच न सांगणं.

२. पायथ्याच्या गावात दहा मिनिटं द्या

गाडी लावली की लगेच चढायला लागू नका. देवळाच्या पारावर कुणीतरी असतंच. पण विचारायची पद्धत आहे. "मामा, ही वाट गडावर जाते ना?" असं विचारलं तर उत्तर "व्हय, जाती की" येणार. सगळ्याच वाटा कुठनंतरी गडावर जातात, आणि पाव्हण्याला नाही म्हणायची आपल्याकडं पद्धत नाही. त्यापेक्षा "मामा, गडावर कुठनं जायचं?" विचारा आणि गप्प ऐका. मधे काय काय लागतं ते विचारा: पाण्याची टाकी, एखादं आंब्याचं झाड, म्हसोबाचा दगड, खिंड. दोन वेगवेगळ्या माणसांना विचारा. आणि "वाट कुठं चुकती?" हे मुद्दाम विचारा. मला सगळ्यात उपयोगी माहिती या एका प्रश्नावर मिळालीय, कारण कुठल्या फाट्यावर लोक भरकटतात ते गावाला पाठ असतं, वर्षभर तेच तर हाका मारून लोकांना परत बोलवत असतात.

वेळेचा हिशोब मात्र त्यांचा धरू नका. "हे काय, आलंच" म्हणजे आपला अर्धा-पाऊण तास.

वासोट्याला जाणार असाल तर गोष्ट वेगळी. तो कोयना अभयारण्यात, सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो, बामणोलीतनं वनखात्याची परवानगी घ्यायची, लाँचनं शिवसागर (कोयना धरणाचा जलाशय) पार करायचा आणि पलीकडं मेट इंदवलीतनं चढायचं. ओळखपत्र लागतं, प्लास्टिक मोजून घेतात, संध्याकाळच्या आत लाँचवर परत यावं लागतं, मुक्काम करता येत नाही. जंगलात वासोटा आणि नागेश्वर असा फाटा आहे, तिथं कुठं वळायचं ते खालीच विचारून घ्या. पहिल्यांदा जात असाल तर गावातला वाटाड्या घ्या, पैसे वाचवायची ती जागा नव्हे. गवे आहेत, अस्वलं आहेत, तिथं वाट शोधत हिंडायची हौस नको.

३. चढताना मागं बघा

वाट चढताना दिसते एक आणि उतरताना दिसते दुसरीच. म्हणून प्रत्येक फाट्यावर थांबून मागं वळायचं आणि फोटो काढायचा, म्हणजे उतरताना जसं दिसणार तसा. नुसता सेल्फी नको, दोन्ही वाटा फोटोत आल्या पाहिजेत. पाच-सहा फोटोत काम होतं.

चढताना चुकलं तरी फार बिघडत नाही, याचं कारण सोपं आहे. सगळ्या सोंडा, म्हणजे डोंगराच्या खाली उतरत आलेल्या धारा, वर जाऊन एकाच ठिकाणी मिळतात. उतरताना उलटं होतं, माथ्यावरनं जी एक धार निघते तिच्या खाली दोन सोंडा, दोनाच्या चार, आणि सुरुवातीला त्या इतक्या जवळ जवळ असतात की दहा पावलं डावीकडं गेलात तरी काही वेगळं वाटत नाही, अर्ध्या तासानं कळतं की आपलं गाव मधली दरी सोडून पलीकडं आहे. चंदन-वंदनला हे हमखास होतं. दोन जोडकिल्ले, मधी खिंड, वर गेल्यावर दिशेचा अंदाज जातो आणि लोक भलत्याच अंगाला उतरायला लागतात. आम्ही एकदा उतरत होतो तेव्हा वरच्या रानात गवत कापणाऱ्या एक मावशी विळा हातात तसाच वर धरून ओरडल्या, "ओ पाव्हणं, तिकडं कुठं निघालासा? ती गवताची वाट हाय, फुडं कडा हाय!" आमच्यातला एकजण म्हणाला पण की वाट चांगली मळलेली आहे की. मळलेली होतीच, भारे डोक्यावर घेऊन रोज बायका जात-येत होत्या, फक्त ती कुरणापर्यंत जाऊन संपत होती.

४. फसवणाऱ्या वाटा ओळखायच्या कशा

ढोरवाट: सगळ्यात जास्त लोक हिनं फसतात. ओळखायची खूण म्हणजे फांद्या. माणसांच्या वाटेवर डोक्याच्या उंचीपर्यंतच्या फांद्या कोयत्यानं तोडलेल्या असतात, तोडलेली टोकं दिसतात. ढोरवाटेवर पायाखाली वाट एकदम रुंद आणि छातीशी काटेरी झुडपं, कारण गुरं खालनं जातात, त्यांना तुमच्या तोंडाचं काय. शेण असतं, खुरांचे ठसे असतात, आणि उतारावर एकाच पातळीत तीन-चार वाटा एकाखाली एक पडलेल्या असतात. खऱ्या वाटेवर दगड बुटांनी-चपलांनी घासून गुळगुळीत झालेले दिसतात, कुठं कातळात खोबणी, कुठं पायरी. आणि लिहायला लाज वाटते पण बिस्किटाचे कागद आणि गुटख्याच्या पुड्या दिसायच्या बंद झाल्या की समजायचं वाट सुटली.

समतल चर: कोरेगाव, खटाव, माण या भागात डोंगरउतारावर पाणी अडवायला चर खणलेत. काम फार चांगलं झालंय, पण नवख्या माणसाला चराच्या कडेचा मातीचा बांध म्हणजे मस्त आडवी पायवाट वाटते. चालायला सोपी, चढ नाही, उतार नाही. अर्धा डोंगर फिरवून आणते आणि तुम्ही तेवढ्याच उंचीवर.

जाळरेषा: वणवा पसरू नये म्हणून वनखातं गवताचा पट्टा कापून किंवा जाळून मोकळा करतं. लांबनं रुंद रस्ता दिसतो. तो जाळरेषा म्हणून बरोबरच असतो, गडावर जायचा मात्र काही संबंध नसतो.

पवनचक्क्यांचे रस्ते: चाळकेवाडीच्या पठारावर प्रत्येक पवनचक्कीला एकेक कच्चा रस्ता गेलाय, सगळे सारखे, आणि धुक्यात तर पातं फिरल्याचा नुसता आवाज येतो, दिसत काही नाही. तिथं रस्ता लक्षात ठेवायचा असेल तर खांबावरचा नंबर बघा.

रंगाचे बाण: बाण दिसला म्हणजे झालं असं नसतं. कुठल्या ग्रुपनं कुठल्या वाटेसाठी काढला ते तुम्हाला माहिती नाही. काही बाण शर्यतीचे असतात, काही दुसऱ्याच गावाला उतरायचे. गावात सांगितलेल्या खुणांशी जुळला तरच धरा.

ऋतूचं पण बघा. सप्टेंबर-ऑक्टोबरात गवत कंबरेला लागतं, वाट पायानं चाचपत जावी लागते. फेब्रुवारीनंतर वणवा लागून गेला असेल तर सगळा उतार काळा आणि सगळीकडंच वाट असल्यासारखं दिसतं. पावसात कास, यवतेश्वर, ठोसेघर या बाजूला धुकं असं उतरतं की पुढचा माणूस दिसत नाही.

५. चुकलोय हे मान्य करायची वेळ

कुणी ओरडून सांगत नाही की तुम्ही चुकलात. गावात सांगितलेली टाकी येऊन जायला पाहिजे होती आणि आली नाही. वाट बारीक होत चाललीय. वाकून जावं लागतंय. दोन वेळा "थोडं पुढं जाऊन बघू" झालंय. पुढचा माणूस बोलायचा थांबलाय. यातल्या दोन गोष्टी एकदम झाल्या की थांबायचं. ग्रुपमध्ये एक तरी जण आधीच कुजबुजत असतो की ही वाट नाही वाटत, बहुतेक वेळा तो सगळ्यात लहान किंवा पहिल्यांदाच आलेला असतो आणि त्याचं कुणी ऐकत नाही. त्याचं ऐका.

६. आता काय करायचं

बसा. खरोखर बूड टेका. पाणी प्या, काहीतरी खा. आमच्याकडची म्हातारी माणसं सांगायची की चकवा लागला की जागचं हलायचं नाही, बसून राहायचं. चकव्यावर तुमचा विश्वास असो नसो, सूर्य किंवा लांबची खूण दिसत नसेल तर माणूस सरळ चालतोय असं समजून गोल फिरतो हे खरंय, आणि बसायचा सल्ला तर एकदम बरोबर आहे.

मग सगळ्यांना विचारा, शेवटची खात्रीची जागा कुठली? म्हणजे जिथं प्रत्येकजण म्हणेल की हो, इथंपर्यंत बरोबर होतो. फोटो काढा बाहेर. जीपीएसचा ट्रॅक चालू ठेवला असेल तर प्रश्नच मिटला. त्या जागेपर्यंत आल्या वाटेनं परत जायचं. चढ असला तरी. वीस मिनिटांचा चढ असला तरी. तिरकं कापून जायचं नाही, "त्या झाडापासून सरळ गेलं की वाट लागेल" हे तर अजिबात नाही, मधी काय घळ आहे ते गवतात दिसत नाही.

ग्रुप फोडू नका. "तुम्ही बसा, आम्ही दोघं बघून येतो" यातनं एकाचे दोन हरवलेले ग्रुप होतात. बघायला जायचंच असेल तर हाक ऐकू येईल तेवढ्याच अंतरात, आणि बाकीच्यांनी जागा सोडायची नाही.

फोन एअरप्लेन मोडला टाका. रेंज कमी असली की फोन सारखा टॉवर शोधत राहतो आणि बॅटरी खातो. जीपीएस तसाही चालतो. एकाच वेळी सगळ्यांचे फोन चालू ठेवायची गरज नाही, एक चालू, बाकीचे बंद.

धुकं असेल तर काहीच करू नका, थांबा. मधी मधी धुकं फाटतं, तेवढ्यात खूण बघून घ्या.

७. ओढ्यानं खाली उतरू नका

याला वेगळा नंबर मुद्दाम दिलाय. "ओढा धरून गेलं की गाव लागतंच" हे प्रत्येकानं लहानपणी ऐकलंय. पाणी गावाकडं जातं हे खरं, पण ते कड्यावरनं उडी मारून जातं. आपला डोंगर बघा लांबनं, आडव्या पट्ट्या दिसतात, कडा, मग उतार, परत कडा, परत उतार. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचले, त्यातले टणक थर कडे होऊन उभे राहिले आणि मऊ थर झिजून उतार झाले. ओढा या प्रत्येक टणक थरावर आला की धबधबा होतो. पावसाळ्यात तो दिसतो, ऐकू येतो. उन्हाळ्यात कोरडा, शेवाळ वाळलेला, आणि तुम्ही वरनं येता तेव्हा कडेला जाईपर्यंत कळत नाही. एक टप्पा पाच-सहा फुटाचा, बसून घसरत उतरता. पुढचा दहा फुटाचा, कसंतरी उतरता. तिसरा तीस फुटाचा, उतरता येत नाही, आणि मागचा दहा फुटाचा परत चढता येत नाही. सुटका करायला जावं लागतं ते अशाच जागी. शिवाय ओढ्याच्या तळाला रेंज नसते आणि तुम्ही वरनंही दिसत नाही.

अडकून पडायची वेळ आलीच तर धारेवर असलेलं बरं. धारेवर रेंज मिळते, गाव दिसतं, गावाला तुम्ही दिसता.

उतारावर वाळलेल्या गवतावरनं आणि मुरमावरनं पाय सटकतात, तिथं झाडाचा आधार घेताना बघून घ्या. वाळलेली कारवी हातात धरली की कट्कन मोडते, ओली असेल तरच भरवसा. कपारीत हात घालण्याआधी काठी घाला, फुरसं (विषारी साप) असतं. कड्याला आग्या मोहोळ दिसलं तर आवाज न करता, धूर न करता लांबनं जा.

८. अंधार पडलाच तर

टॉर्च असेल आणि वाट खात्रीची असेल तर हळूहळू उतरा. दोन्हीपैकी एक नसेल तर चालणं बंद. खाली गावाचे लाइट अगदी पायाशी दिसतात, कुत्री भुंकलेली ऐकू येतात, वाटतं हे काय दहा मिनिटांवर, पण लाइट दिसला म्हणजे मधी वाट आहे असं नाही. कड्याच्या काठापासून आत, वारं लागणार नाही अशी जागा बघून बसा, सगळे चिकटून. थंडीत रात्र लांब जाते, त्रास होतो, पण पाय मोडत नाही.

९. मदत मागायची

लाजू नका, आणि लवकर मागा. चार वाजता केलेला फोन आणि आठ वाजता केलेला फोन यात फार फरक आहे, वर येणाऱ्यांना पण उजेड लागतो.

आधी पायथ्याच्या गावात फोन करा, म्हणून सकाळीच पारावर भेटलेल्या माणसाचा नंबर घेऊन ठेवायचा. गावातली पोरं तासाभरात वर येतात, त्यांना नुसतं "वाळलेल्या आंब्यापाशी आहे" सांगितलं तरी कळतं. नाहीतर ११२ हा आणीबाणीचा नंबर. तुमच्या सिमला रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीच्या नेटवर्कवरनं हा कॉल लागू शकतो. कुणाला लागलं असेल तर १०८. महाराष्ट्रात गिर्यारोहकांचं रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर पण आहे, त्यांची हेल्पलाइन आणि जवळच्या रेस्क्यू टीमचा नंबर घरी असतानाच सेव्ह करा.

फोनवर काय सांगायचं: कुठल्या गडावर, कुठल्या गावातनं चढलो, किती जण, कुणाला काय लागलंय, पाणी किती आहे, बॅटरी किती. नेट नसेल तर मॅपमधल्या निळ्या ठिपक्याचे आकडे (अक्षांश-रेखांश) साध्या मेसेजनं पाठवा, एसएमएस बऱ्याचदा कमी रेंजमध्येही जातो. एकदा सांगितलं की जागा सोडायची नाही, ही सगळ्यात मोठी विनंती, वर शोधायला आलेली माणसं एका जागी आणि तुम्ही तिसरीकडं, असं नको. शिट्टी असेल तर मिनिटात सहा वेळा वाजवा, मिनिटभर थांबा, परत वाजवा. ओरडून घसा बसतो, शिट्टी बसत नाही.

१०. पाठीवर काय पाहिजे

- पाणी माणशी तीन लिटर. माण-खटावकडं सावली नाही, आणि गडावरच्या टाक्याचं पाणी प्यायजोगं असेलच असं नाही
- टॉर्च, प्रत्येकाकडं वेगळी. मोबाईलची टॉर्च धरू नका
- शिट्टी
- पॉवरबँक आणि केबल. केबल विसरतात लोक
- चिक्की, खजूर, गुळ-शेंगदाणे, एक वेळचं जास्तीचं
- पूर्ण बाह्यांचा शर्ट, एक पातळ जर्किन, उन्हाळा असला तरी
- क्रेप बँडेज, पट्टी, रोजच्या गोळ्या
- ओळखपत्र, थोडी सुट्टी रोकड
- कागदावर लिहिलेले तीन-चार फोन नंबर, फोन बंद पडला तर दुसऱ्याच्या फोनवरनं लावायला

११. खाली आल्यावर

हे राहूनच जातं. घरी फोन करा. ज्या मामांना सकाळी वाट विचारली त्यांना सांगून जा की आम्ही सगळे उतरलो. मदतीसाठी कुणाला फोन केला असेल आणि तुमची तुम्हालाच वाट सापडली असेल तर पहिलं काम म्हणजे त्यांना कळवणं, नाहीतर तुम्ही हायवेच्या ढाब्यावर मिसळ खात असता आणि गावातली पोरं बॅटऱ्या घेऊन वर तुमच्या नावानं हाका मारत असतात.